पहिल्या प्रकाशवक्रासाठी युनोमिया की आयरिस?

लघुग्रहाचा पहिला प्रकाशवक्र, म्हणजे तो स्वतःभोवती फिरताना त्याचं तेज कसं बदलतं याचा आलेख, काढायचा म्हटलं की मंगळ-गुरूमधल्या लघुग्रह पट्ट्यातल्या दगडी लघुग्रहांपैकी दोन नावं हमखास पुढे येतात: १५ युनोमिया आणि ७ आयरिस. दोन्ही छोट्या दुर्बिणीच्या आवाक्यातले. मी दोघांच्याही मागे रात्री जागवल्यात.

कागदावर युनोमिया सरस आहे. एस वर्गातला, म्हणजे दगडी लघुग्रहांतला, सर्वांत मोठा, सुमारे २७० किलोमीटरचा आणि लांबुळका, त्यामुळे त्याचं तेज अर्ध्या प्रतीनेही वरखाली होतं (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका लहान, तितकं तेज जास्त). नवख्याला एवढा ठळक चढउतार म्हणजे पर्वणीच.

पण त्याचं परिवलन, म्हणजे स्वतःभोवतीची एक फेरी, ६.०८ तासांचं, आणि माझं घोडं इथेच अडलं. चार फेऱ्या म्हणजे जवळपास २४ तास २० मिनिटं. आज दहाला जी बाजू समोर होती, तीच उद्या दहा वीसला पुन्हा हजर. मी पाहतो तिथून सलग तीनेक तासांपेक्षा जास्त आकाश मिळत नाही. म्हणजे रोज तोच चढ, तोच माथा, तोच उतार. दुसरा अर्धा भाग वीस-वीस मिनिटांनी पुढे सरकत हाती येईपर्यंत आठवडा उलटतो, तोवर चंद्र वाढलेला असतो. शिवाय लघुग्रह सरकल्यामुळे तुलनेचे तारे, म्हणजे ज्यांच्याशी त्याचं तेज ताडून पाहायचं ते, रोज नव्याने निवडायचे. फार चिडचिड होते.

आयरिसचे ७.१४ तास इथे कामी येतात. चोवीस तासांत तीन फेऱ्या पुऱ्या होऊन वर तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्तच फिरणं होतं, त्यामुळे रोज वेगळा भाग समोर येतो. तीन रात्री तीन-तीन तास दिले की वक्र पुरा, आणि कडा एकमेकींवर येत असल्याने तुकडे जुळवणंही सोपं.

आकाराने लहान असूनही, पृष्ठभाग उजळ आणि कक्षा पट्ट्याच्या आतल्या भागात असल्याने तो जास्त तेजस्वी दिसू शकतो. कक्षा चांगलीच लंबवर्तुळाकार आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रतियुती (पृथ्वीवरून तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला दिसण्याची वेळ) उपसूर्य बिंदूजवळ, म्हणजे कक्षेतल्या सूर्याला सर्वांत जवळच्या जागेपाशी, झाली तेव्हा तो ६.९ प्रतीपर्यंत पोहोचला होता. असा योग साधारण अकरा वर्षांनी येतो. एरवी तो नवव्या प्रतीपर्यंतही उतरतो.

मोकळं क्षितिज आणि लांब रात्र असेल, तर युनोमिया एका बैठकीत उरकतो; तिथे माझा आग्रह नाही. पण रात्रीचे मोजके तासच हाती असतील, तर मी आयरिसच सुचवेन. फक्त त्याचा अक्ष बराच कललेला आहे, काही प्रतियुतींत ध्रुव आपल्याकडे असतो आणि वक्र सपाट पडतो, तेवढं आधी तपासून घ्या.