महाराजाचं ‘जुनं’ पोस्टर घेण्याआधी हे वाचा

एअर इंडियाच्या महाराजाची जुनी पोस्टरं सध्या ऑनलाइन भरपूर विकायला येतात. त्यातल्या एका नकली पोस्टरपायी माझे 38,000 रुपये गेले. पन्नास-साठच्या दशकातली चित्रं, जाहिराती, लेबलं जिवापाड जपणारे माझ्यासारखे बरेच जण आहेत. त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितोय.

महाराजाचं वेड का लागतं, हे ज्यांनी ती पोस्टरं प्रत्यक्ष पाहिलीत त्यांना सांगायला नको. 1946 साली एअर इंडियाचे बॉबी कूका यांच्या डोक्यातून आणि जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात कंपनीतले चित्रकार उमेश राव यांच्या हातातून तो जन्मला. सुरुवात झाली विमानात वापरायच्या साध्या मेमो-पॅडवर, आणि पुढे तो अख्ख्या कंपनीचा चेहरा झाला. ती लांबलचक मिशी, ते नाक, तो फेटा, सगळं मोजक्या रेषांत. मागे सपाट, भरघोस रंग. ज्या शहराचं पोस्टर, तिथल्या वेशात आणि तिथल्या उद्योगात महाराजा रमलेला. आपल्याकडच्या जाहिरातकलेत इतकं प्रसन्न काम फार थोडं झालंय, असं मला मनापासून वाटतं. अशा पोस्टरच्या नावाखाली कुणी नकली माल खपवतं तेव्हा पैशांइतकाच त्या कामाचाही राग येतो.

विक्रेत्याने दाखवलेलं पोस्टर न्यूयॉर्कचं होतं. उंच इमारती, महाराजा आणि वर आकाशात विमान. ‘1958चं ओरिजिनल, एका निवृत्त कर्मचाऱ्याच्या घरातून आलेलं, घर रिकामं करायचंय म्हणून विकतोय’ असं त्याने चॅटवर लिहिलं होतं. फोटो उत्तम होते. पुढे कळलं की ते परदेशातल्या एका जुन्या लिलावाच्या यादीतून उचललेले होते. पोस्टर फ्रेममध्ये पक्कं बंद होतं. मागचा फोटो मागितला तर उत्तर आलं, “सर, फ्रेम उघडली तर कागद फाटेल, मग जबाबदारी माझी नाही.” सोबत ‘पुरातत्त्व नोंदणीचा दाखला’ नावाचा शिक्का मारलेला कागद पाठवला. दोन दिवस विचार करतो म्हटल्यावर लगेच सांगितलं, दुसऱ्या पार्टीचं टोकन आलंय, आज रात्रीपर्यंतच थांबेन. पैसे गेले एका खासगी खात्यावर, यूपीआयने.

त्या दाखल्याबद्दल आधी सांगतो, कारण त्याला भले भले फसतात. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा 1972चा आहे, आणि त्यात वस्तू पुरावस्तू ठरायला किमान शंभर वर्षांची असावी लागते. हस्तलिखितं आणि दस्तऐवजांसाठी ही मर्यादा 75 वर्षांची आहे. 1958चं पोस्टर यातल्या कुठल्याच हिशेबात बसत नाही. त्यामुळे साठच्या दशकातल्या पोस्टरबरोबर कुणी असा नोंदणीचा दाखला देत असेल, तर तो दाखलाच संशयाचं पहिलं कारण समजा.

पार्सल आलं तेव्हा पोस्टर काचेमागे झकास दिसत होतं. कागद-संवर्धनाचं काम करणाऱ्या ओळखीच्या एका ताईंना दाखवायला नेलं. त्यांनी फ्रेमच्या मागचा हार्डबोर्ड काढला, कागद टेबलावर पसरला आणि कोपऱ्यातल्या टाचणीच्या भोकाकडे बोट केलं. “मागून बघ.” मागे भोक नव्हतंच! कोपऱ्यात तपकिरी कडा असलेलं जे भोक दिसत होतं, ते छापलेलं होतं. कुणीतरी खऱ्या पोस्टरचं स्कॅन घेतलं होतं आणि त्या पोस्टरचं भोक स्कॅनमध्ये जसंच्या तसं आलं होतं. मधोमध आडवी घडी होती, तिचंही तेच. डोळ्यांना घडी दिसते, बोट फिरवलं तर कागद गुळगुळीत.

मग त्यांनी दहा पटीचं भिंग हातात दिलं आणि काळी अक्षरं बघायला सांगितली. काळ्या अक्षरांत निळे, गुलाबी, पिवळे बारीक ठिपके विखुरलेले होते आणि कडा भुसभुशीत दिसत होत्या. जुन्या छपाईत अशा अक्षरांना सहसा एकाच काळ्या शाईचा स्वतंत्र हात असतो. कडा धारदार येते, आत ठिपका नसतो. सपाट रंगांचंही बहुतेक तसंच. पण एक गोष्ट ताईंनी आवर्जून सांगितली, आणि ती मीही इथे आवर्जून लिहितो: ठिपके दिसले की नकली, असं सरसकट समजू नका. ऑफसेट छपाई त्या काळातही होती आणि छायाचित्र किंवा छटा असलेल्या भागात ठिपके असणारच. बघायची ती अक्षरं आणि बाह्यरेषा.

कागदाचा पिवळेपणा पाठीमागून सारखाच होता, एका बाजूला ब्रशच्या फटकाऱ्यांसारख्या पट्ट्याही होत्या. खरा जुना कागद कडांकडून आत तपकिरी होत जातो, आणि फ्रेमच्या पट्टीखाली झाकलेला भाग वेगळा दिसतो. माप निघालं 42 बाय 59.4 सेंटीमीटर, म्हणजे आजचा ए-टू कागद. त्या काळात आपल्याकडे पोस्टरचा कागद इंचांत चाले. डबल रॉयल म्हणजे 25 बाय 40 इंच. नुसत्या मापावरून निकाल लावता येत नाही, कारण पोस्टरं कापलीही जातात. पण बरोब्बर ए-टू भरलं तर पुढचे प्रश्न विचारायलाच हवेत.

अतिनील टॉर्चचा सल्ला बरेच जण देतात. अंधारात कागद निळसर चमकला तर त्यात चकाकी आणणारी रसायनं आहेत, एवढंच त्यातून कळतं. ही रसायनं कागदात पन्नासच्या दशकापासून येऊ लागली, त्यामुळे युद्धापूर्वीच्या पोस्टरला ही परीक्षा चांगली लागू पडते. साठच्या दशकातल्या महाराजाबाबत एकट्या टॉर्चवर विसंबू नये.

आणि या सगळ्याच्याही आधी, काहीही न उघडता तपासता येते ती तारीख. पोस्टरवरच्या विमानाचे पंख मागे कललेले आणि त्याखाली चार जेट इंजिनं लटकलेली, म्हणजे बोइंग 707. ते एअर इंडियाकडे 1960 साली आलं, आणि न्यूयॉर्कची सेवाही त्याच वर्षी मे महिन्यात सुरू झाली. 1958 साली कंपनी पंख्याची इंजिनं आणि तीन शेपट्या असलेली सुपर कॉन्स्टेलेशन उडवत होती. शिवाय 1948पासून 1962पर्यंत कंपनीचं नाव ‘एअर-इंडिया इंटरनॅशनल’ होतं, ‘इंटरनॅशनल’ 1962 साली गळालं, म्हणून पोस्टरवर छापलेलं नावही सालाशी ताडून बघा. चित्र मूळचं साठच्या दशकातलं असू शकेल, पण विक्रेत्याने लिहिलेलं साल त्यावरच्या विमानानेच खोटं पाडलं. ज्याच्याकडे खरा माल असतो, त्याला एवढं ठाऊक असतं.

विक्रेत्याला हे कळवलं तसा त्याने नंबर ब्लॉक केला. त्याआधी जाहिरातीतला मजकूर बदलून ‘ओरिजिनल’च्या जागी ‘व्हिंटेज स्टाइल’ केला होता. मी आधीच स्क्रीनशॉट काढून ठेवले होते म्हणून निदान पुरावा हातात राहिला. तुम्हीही पैसे पाठवण्याआधी जाहिरात, चॅट, विक्रेत्याचं प्रोफाइल, सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करायला उशीर करू नका, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येणं वेळेवरच अवलंबून असतं. बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवा. पोलीस ठाण्यात मला आधी ‘हा तुमच्या दोघांच्या व्यवहारातला वाद आहे’ असं सांगण्यात आलं. साल आणि ‘ओरिजिनल’ हा दावा विक्रेत्याने स्वतः लेखी केलाय, हे चॅटमध्ये दाखवलं आणि ताईंचं लेखी टिपण जोडलं, तेव्हा तक्रार घेतली गेली. विक्रेता हा धंदाच करत असेल तर ग्राहक आयोगाचाही रस्ता आहे. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर आधी माहिती मिळते.

माझी तक्रार अजून चालू आहे, पैसे मिळालेले नाहीत. पण तेच फोटो, तीच छापील भोकाची खूण, आता वेगळ्या नावाच्या प्रोफाइलवर फिरतायत. या खेपेला साल 1955 टाकलंय आणि कर्मचाऱ्याच्या जागी वैमानिकाचं घर आलंय. कुणाला ते दिसलं तर फ्रेमबाहेर काढलेल्या पोस्टरच्या पाठीचा आणि काळ्या अक्षरांचा जवळून काढलेला फोटो मागा, आणि तो येईपर्यंत एक रुपयाही पाठवू नका.