पुरात घरपोच किराणा मागवला आणि १९ हजार गेले, कसे गेले ते सगळं सांगते

परवा कोल्हापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांच्या वर गेली, म्हणजे इशारा पातळी ओलांडली, आणि त्याच संध्याकाळी आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी मेसेज टाकला, पूरस्थितीत घरपोच किराणा, दूध, भाजी, गॅस, आजच बुकिंग करा, स्लॉट मर्यादित. वाचून माझ्या हाताला घाम सुटला. जवळजवळ शब्द न् शब्द असाच मेसेज मी २०२१ च्या जुलैमध्ये वाचला होता आणि त्यावर विश्वास ठेवून १९ हजार घालवले होते. इतकी वर्षं घरच्यांशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं, आता सगळं लिहिते, लांबलं तरी वाचा.

तेव्हाचे दिवस कोल्हापूरकरांना आठवत असतीलच. २०१९ चा पूर बघितलेला, त्यामुळे वाटलं होतं की आता इतकं पाणी परत काय येत नाही, आणि दोनच वर्षांत परत ५६ फुटांच्या आसपास गेलं. धोका पातळी ४३ ची, त्याच्यावर १३ फूट. आम्ही रमणमळ्याकडं राहतो, दुसरा मजला, पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाला येऊन थांबलेलं. शहराला पाणी देणारा शिंगणापूरचा आणि बालिंग्याचा उपसा पाण्याखाली गेलेला, म्हणजे सगळीकडं पाणी आणि नळाला थेंब नाही, टँकर आला की घागरी घेऊन पळायचं. लाईट गेलेली. शिरोलीजवळ हायवेवर पाणी आल्यानं पुणे-बेंगळुरू रस्ता बंद, ट्रकच्या रांगा लागलेल्या, त्यामुळे भाजी नाही, दुधाच्या गाड्या नाहीत, पेट्रोल पंपावर आधी अत्यावश्यक गाड्या. त्यात कोरोनाचे निर्बंध पूर्ण उठले नव्हतेच. गल्लीतल्या किराणावाल्या मामांचं दुकान सखल भागात, त्यांनी आदल्या रात्रीच माल माळ्यावर चढवून शटर ओढलेलं.

आणि घरात माझी लेक बाळंतपणाला आलेली, बाळ चार महिन्यांचं. तिला दूध पुरत नव्हतं म्हणून डॉक्टरांनी डब्यातली दूध पावडर सांगितलेली आणि त्या डब्यात तळाला चार-पाच चमचे उरलेले. मी डबा तिरका करून किती उरलंय ते दिवसातनं दहा वेळा बघत होते. हे मुद्दाम सांगते कारण नंतर घरचे सगळे मला विचारायचे की एवढी शिकलेली बाई तू, तुला कळलं कसं नाही. डब्याचा तळ दिसत असताना माणूस वेगळाच असतो.

मी तोपर्यंत ऑनलाईन काहीच मागवलेलं नव्हतं. लॉकडाऊनमध्ये सुद्धा मामा चिठ्ठी वाचून पिशवी भरून ठेवायचे, आम्ही जाऊन आणायचो. फोनवरनं पैसे पाठवायचं ॲप मुलानं वर्षभरापूर्वी घालून दिलेलं, त्यावर लाईट बिल आणि मोबाईल रिचार्ज एवढंच. मुलगा पुण्यात. त्यानं फोनवर सांगत सांगत मला किराणाची दोन ॲप डाऊनलोड करायला लावली, पत्ता भरला, पिनकोड टाकला, तर एकावर तुमच्या भागात सेवा उपलब्ध नाही आणि दुसऱ्यावर सगळं कार्टमध्ये भरल्यावर शेवटी डिलिव्हरीचा एकही स्लॉट नाही. तासभर त्यात गेला, फोनची बॅटरी ३० टक्क्यांवर आली, लाईट नाही म्हणजे चार्जिंग नाही. आत्ता विचार केला की कळतं, त्या ॲपनी मला खरं सांगितलं होतं. हायवे बंद, गोडाऊनला गाडी पोचत नाही, तर माल येणार कुठनं. मग एक कोणतरी व्हॉट्सॲपवाला दोन तासात कसा आणून देणार होता, हा प्रश्न मला तेव्हा पडायला पाहिजे होता.

तो मेसेज ग्रुपवर दुपारी आला. ग्रुपवर आला म्हणजे आपल्यातल्याच कुणीतरी टाकलाय, म्हणजे त्यानं बघितलं असेल, असं मी धरून चालले. टाकणाऱ्यानं दुसऱ्या ग्रुपवरनं आलेला तसाच पुढं ढकललेला, त्याला काही माहीत नव्हतं, मदत होईल म्हणून टाकला बिचाऱ्यानं. मेसेजमध्ये नंबर, खाली दरांची यादी. तेल लिटरला १२० रुपये लिहिलेलं, तेव्हा दुकानात दीडशेच्या पुढं होतं. टंचाई असताना कुणी भाव उतरवतं का हो? भाव चढवला असता तर मी त्याला लुटारू म्हणून सोडून दिलं असतं, उतरवला म्हणून देवमाणूस समजले.

नंबरला मेसेज केला तर लगेच उत्तर आलं. बिझनेस अकाऊंट होतं, वर दुकानाचं नाव, दुकानाचा फोटो, शटरवर गणपती. आता मला माहीत झालंय की तसलं अकाऊंट कुणीही पाच मिनिटात काढू शकतो आणि फोटो कुठल्याही दुकानाचा लावू शकतो. मी यादी पाठवली, साखर, तूरडाळ, तेल, चहा पावडर, मेणबत्त्या आणि दूध पावडर, डब्याचा फोटोच काढून पाठवला. तो म्हणाला एकच डबा शिल्लक आहे मॅडम, दुसरी पार्टी पण मागतीय, अॅडव्हान्स आला की तुमच्या नावानं बाजूला काढतो. एकूण बिल २,३००, निम्मे आधी. मी १,१५० पाठवले. पाठवताना स्क्रीनवर दुकानाचं नाव यायला पाहिजे होतं, तिथं कुठल्यातरी भलत्याच माणसाचं नाव आलं. मी विचारलं. तो म्हणाला आमच्या अकाऊंटंटचं आहे. मला पटलं. त्या ॲपवर जे नाव येतं ते बँकेच्या खात्यावरचं असतं, ती एकच गोष्ट त्या सगळ्या व्यवहारात खरी होती आणि तीच मी सोडून दिली.

संध्याकाळचे सहा वाजले, साडेसात वाजले, कोण आलं नाही. लेक बाळाला घेऊन खिडकीत उभी. मी फोन लावला तर उचलला, हे महत्त्वाचं आहे, चोर फोन उचलत नाहीत असं आपल्याला वाटतं, हा पहिल्या रिंगला उचलायचा. म्हणाला मॅडम गाडी शिरोली नाक्याला पोलिसांनी अडवलीय, आज काय येत नाही, तुमचे पैसे परत करतो. शिरोलीचं नाव घेतलं म्हणून मला तो आपल्यातलाच वाटला, खरं तर बातम्या बघणाऱ्या कुणालाही शिरोली माहीत होतं त्या आठवड्यात. बोलायला मराठी होता पण आपल्याकडचं मराठी नव्हतं, मधेच हिंदी यायचं.

पुढचं नीट वाचा. तो म्हणाला रिफंडचा क्यूआर कोड पाठवलाय, तो गॅलरीतनं स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात. फोन कट करू नका, स्पीकरवर ठेवा, मी सांगतो तसं करा. बॅटरी ११ टक्के, खोलीत मेणबत्ती, चष्मा कुठं ठेवलाय सापडत नाही. मी स्कॅन केलं, रक्कम आपोआप आली १,१५०, पिन टाकला, हिरवी टिकमार्क आली आणि टिंग वाजलं. मला वाटलं आले पैसे. मेसेज उघडला तर इंग्रजीत डेबिटेड. मी म्हटलं अहो हे तर गेले. तो शांतपणे, अजिबात न गडबडता म्हणाला, सर्व्हर उलटा झाला मॅडम, पुरामुळं नेटवर्कचा प्रॉब्लेम, आता दोन्ही मिळून एकदम परत येतील, नवीन कोड पाठवतो. दुसऱ्या कोडला ९,२०० गेले. मी रडायला लागले तर तो मलाच धीर द्यायला लागला, ताई घाबरू नका, मी पण लेकराबाळाचा आहे, शेवटचा कोड, सगळे एकत्र. तिसऱ्याला ७,५००. लेकीनं माझा आवाज ऐकला, बाळाला पलंगावर ठेवून धावत आली आणि हातातनं फोन काढून घेऊन बंद केला. दहा मिनिटाच्या आत झालं हे सगळं. खात्यात पेन्शनचे अजून ३१ हजार होते, लेक आली नसती तर तेही गेले असते.

पैसे घ्यायला पिन लागत नाही. माझ्या मुलाला हे माहीत होतं, लेकीला माहीत होतं, मला कुणी कधी सांगितलं नव्हतं कारण मला पैसे कुणी पाठवतच नव्हतं, मी फक्त भरायचे. क्यूआर कोड आपण स्कॅन केला आणि पिन टाकला म्हणजे आपल्या खात्यातनं पैसे जाणार, दुसरं काहीही होऊ शकत नाही. तुमच्या घरात जे कुणी नवीन नवीन फोनवरनं व्यवहार करतंय, आई असू दे, सासरे असू देत, त्यांच्याकडनं हे एकदा तोंडपाठ करून घ्या, आज रात्री जेवताना घ्या.

मुलानं पुण्यातनं बँकेच्या टोल फ्री नंबरला फोन लावून मलाही लाईनवर घेतलं आणि खातं ब्लॉक करून घेतलं. आता १९३० नंबर आहे सायबर फसवणुकीसाठी, तेव्हा आम्हाला कुणालाच असलं काही माहीत नव्हतं. या १९३० ला जितक्या लवकर फोन कराल तितकं बरं, कारण चोर पैसे एका खात्यातनं दुसऱ्या, दुसऱ्यातनं तिसऱ्या खात्यात फिरवत असतो, वाटेत कुठंतरी अडवता आले तर परत मिळायची आशा असते. आम्ही पाणी उतरल्यावर, म्हणजे पाचव्या दिवशी, सायबर पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं, व्यवहाराचे नंबर, स्क्रीनशॉट, चॅट सगळं मागितलं. सुदैवानं लेकीनं चॅट डिलीट करू दिलं नव्हतं, मी रागानं करायला निघालेले. बँकेत गेलो तर तिथं सांगितलं की पिन तुम्ही स्वतः टाकलाय. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे, ग्राहकाच्या स्वतःच्या चुकीनं पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून ते लगेच कळवणं इतकं महत्त्वाचं. पैसे गेले ते गेले, पण कळवायला उशीर केला आणि त्यात अजून गेले तर ते पण आपल्याच डोक्यावर.

बाळाच्या दुधाचं काय झालं ते सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी किराणावाले मामा गुडघाभर पाण्यातनं चालत आले, अंगावर प्लास्टिकचा कागद, खांद्यावर पोतं. त्यात मेणबत्त्या, साखर, बिस्किटं आणि एक दूध पावडरचा डबा, दुसऱ्या कंपनीचा, पण होता. मी पैसे द्यायला गेले तर म्हणाले, वहीत लिवतो वहिनी, पाणी उतरू दे. त्यांना मी आदल्या दिवशी एक फोन केला नव्हता. त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता, दुकान बंद आहे म्हणजे माणूसच नाही असं समजून बसले. आता मी ऑनलाईन मागवते हं, बंद केलेलं नाही, पण ॲप असेल तर ॲपमधूनच आणि ऑर्डर कुठं आली ते ॲपमध्येच बघायचं, कुणी फोन करून लिंक पाठवली की उघडायची नाही, आणि कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधायचा नाही, तिथं पण खोटे नंबर घालून ठेवलेले असतात. व्हॉट्सॲपवर ऑर्डर फक्त मामांना, कारण त्यांचा चेहरा मला ठाऊक आहे. नवीन कोणी असेल तर माल दारात आल्यावर, डबा हातात घेऊन, एक्सपायरी बघून मग पैसे. अॅडव्हान्सशिवाय देत नाही म्हणाला तर नको.

पैशांपैकी ३,२०० रुपये एका खात्यात अडकलेले सापडले आणि बऱ्याच महिन्यांनी कोर्टाच्या ऑर्डरनं परत मिळाले. बाकी गेले.

आणि परवा तो मेसेज आला तेव्हा मी ग्रुपवर लिहिलं, कुणीही या नंबरला पैसे पाठवू नका, २०२१ ला असल्याच मेसेजमुळं माझे १९ हजार गेलेत. लिहिताना हात थरथरत होता, वाटलं हसतील. पाच मिनिटात खालच्या मजल्यावरच्या वहिनी जिना चढून वर आल्या, दारातच उभ्या राहिल्या, आत या म्हटलं तरी येईनात. म्हणाल्या, "मीबी त्यातच गेलो होतो वहिनी. चार हजार. तुमच्या आधी दोन तास." त्यांनी नवऱ्याच्या भीतीनं कुणाला सांगितलं नव्हतं. मी सहा वाजता खिडकीत गाडीची वाट बघत उभी होते तेव्हा त्या माझ्या पायाखालच्याच मजल्यावर दार लावून रडत होत्या. आम्ही दोघी बराच वेळ जिन्यात बसलो. जुना फोन त्यांनी अजून ठेवलाय, त्यात तो व्यवहाराचा मेसेज आहे, आणि उद्या सकाळी अकराला आम्ही दोघी सायबर पोलीस ठाण्यात जाणार आहोत, त्यांच्या तक्रारीसाठी आणि परवाच्या नंबरसाठी.