मनगटी पट्टा की प्रश्नावली? परिचारिकांचा बर्नआउट वेळेत ओळखण्यासाठी काय निवडावे

परिचारिकांपैकी कोण बर्नआउटकडे, म्हणजे कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या पुरत्या थकव्याकडे, झुकते आहे हे आधीच कळावे, यासाठी रुग्णालयांपुढे दोन मार्ग असतात: मनगटी पट्ट्याने झोप मोजून कृत्रिम बुद्धिमत्तेकडून अंदाज घेणे, किंवा ठरावीक काळाने प्रश्नावली भरून घेणे.

प्रश्नावलीचा मार्ग जुना आणि तपासलेला आहे. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांची १९८१ सालची प्रश्नावली भावनिक थकवा, रुग्णांविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही घडत नाही ही भावना मोजते. मात्र तिला परवाना शुल्क लागते. २००५ सालची कोपनहेगन प्रश्नावली १९ प्रश्नांची असून विनामूल्य आहे. अडचण एवढीच, की उत्तरे मेट्रनच्या टेबलावर जाणार अशी शंका आली की सगळे आलबेल असल्याच्याच खुणा होतात.

पट्ट्यापुढे अशी सारवासारव चालत नाही, शिवाय नोंद रोजची मिळते. परंतु तो मेंदूच्या लहरी नव्हे, तर हालचाल आणि नाडी टिपतो, त्यामुळे नुसते निपचित पडून राहणेही बरेचदा झोपेत धरले जाते. नाइट करून आलेली सिस्टर स्वयंपाक आटोपून अकराला आडवी होते, बेल वाजली की उठते, दुपारी पुन्हा तासभर तिचा डोळा लागतो; अशी तुकड्यातुकड्यांची झोप रात्रीच्या सलग झोपेवर बेतलेल्या गणिताला नीट सापडत नाही, आणि मोजायची असते नेमकी तीच. झोपमोड तान्ह्या बाळामुळे झाली की वॉर्डामुळे, हेही पट्ट्याला कळत नाही.

त्यातून पट्ट्यामागच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणेला बर्नआउट ओळखायला शिकवतात ते बहुधा प्रश्नावलीच्याच उत्तरांवरून, म्हणजे प्रश्नावलीतले दोष तिच्यातही उतरतात. समजा, २०० पैकी ४० परिचारिका खरोखर बर्नआउटमध्ये आहेत आणि यंत्रणा बर्नआउट असलेल्या व नसलेल्या अशा दोन्ही गटांतील ८० टक्के जणींना बरोबर ओळखते. तर ३२ जणी बरोबर सापडतील, पण उरलेल्या १६० पैकीही ३२ जणींवर नाहक शिक्का बसेल.

म्हणून निधी मर्यादित असल्यास निनावी प्रश्नावली घ्यावी आणि तिच्या जोडीला ड्यूटी लिस्ट वाचावी. लागोपाठच्या नाइट आणि रद्द झालेले ऑफ तिथे फुकट दिसतात. पट्टा घ्यायचाच असेल, तर तो ऐच्छिक ठेवावा, प्रशासनाला फक्त वॉर्डाची सरासरी दाखवावी आणि नाइट करणाऱ्यांवर तो तपासला आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. धोक्याची खूण दिसल्यावर बदली सिस्टर कोठून आणणार, याची तरतूद खरेदीच्या प्रस्तावात नसेल, तर तो परत पाठवावा.