चिप लेव्हल दुरुस्ती केलेला लॅपटॉप: काही महिन्यांच्या वापरानंतर

सर्व्हिस सेंटरच्या कागदावर निदानाच्या रकान्यात दोनच शब्द होते: 'मदरबोर्ड डेड'. कुठली लाईन गेली, कुठे किती व्होल्ट मिळाले, काहीही नाही. उपाय म्हणून नवीन बोर्ड सुचवला होता आणि त्याचा खर्च नव्या लॅपटॉपच्या निम्म्याच्या वर जात होता. डेटा साठवणारी एसएसडी बोर्डवरच सोल्डर केलेली असल्यामुळे बोर्डबरोबर डेटाही जाणार होता. मी एकच प्रश्न लावून धरला, "मीटर लावून बघितलंत का?" उत्तर आलं, "आम्ही बोर्ड बदलतो, दुरुस्त करत नाही." तपासणीचे पैसे मात्र घेतले. न तपासता घेतलेल्या त्या पैशांचा राग अजून गेलेला नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

लॅपटॉप यूएसबी-सीवर चार्ज होणारा, वॉरंटी संपलेला. रात्री बंद केला तेव्हा ठीक होता, सकाळी दिवासुद्धा लागला नाही. चार्जर दुसऱ्या मशीनवर व्यवस्थित चालत होता. पोर्ट खराब झालं असेल असं वाटत होतं, कारण रोज वायर तिथेच घुसते-निघते. पण चार्जर आणि लॅपटॉप यांच्यामध्ये लावायचा छोटा यूएसबी-सी मीटर जोडला आणि चित्र बदललं.

हा मीटर काय दाखवतो ते नीट सांगतो, कारण बोर्ड न उघडता एवढी माहिती दुसरं काही देत नाही. चार्जर सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट देतो. लॅपटॉपमधली पॉवर डिलिव्हरीची चिप त्याच्याशी बोलते, २० व्होल्ट मागून घेते आणि मग आतला मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, उघडून ते मेन लाईनला, म्हणजे सगळ्या बोर्डला वीज पोचवणाऱ्या मार्गाला, सोडते. आकडा ५ वरच अडकला, तर पोर्टच्या पिना, ती चिप किंवा चिपला मिळणारा सप्लाय यांच्यावर संशय घ्यायचा. २० येऊन स्थिर राहिले पण करंट जवळपास शून्य, तर पोर्टने आपलं काम केलंय, अडचण पुढे आहे. माझा आकडा ५ वरून २० वर जायचा, धाडकन खाली यायचा, पुन्हा ५, पुन्हा २०. म्हणजे बोलणी होत होती, पण मेन लाईन जोडली की चार्जर स्वतःला वाचवायला माघार घेत होता. ही शॉर्टची, म्हणजे लाईन थेट ग्राउंडला जोडली गेल्याची, खूण.

एवढं हातात घेऊन चिप लेव्हल काम करणाऱ्या, म्हणजे अख्खा बोर्ड न बदलता त्यावरचा बिघडलेला भागच बदलणाऱ्या, एका टेक्निशियनकडे गेलो. त्यांनी मीटरचा आकडा ऐकला, मान हलवली आणि पहिलं काम केलं ते बॅटरीचा कनेक्टर काढण्याचं. बॅटरी जोडलेली असताना बोर्डवर मल्टिमीटरचा प्रोब फिरवला तर एका घसरणीत चांगला बोर्ड जाळता येतो. मग मेन लाईनच्या कॉइलवर एक प्रोब, ग्राउंडवर दुसरा. रेझिस्टन्स एका ओहमच्याही खाली. चांगल्या बोर्डवर तिथे हजारांत आकडा यायला हवा.

इथेच अर्धवट शिकलेले लोक फसतात, असं ते म्हणाले आणि मला प्रोसेसरच्या कॉइल दाखवल्या. तिथेही मीटर बीप देतो, रेझिस्टन्स अगदी कमी येतो, आणि ते नॉर्मल असतं. प्रोसेसरची लाईनच तशी असते. ती बीप ऐकून 'प्रोसेसर शॉर्ट, बोर्ड फेका' असं सांगितलेली किती मशीन भंगारात गेली असतील!

त्यानंतर त्यांनी मेन लाईन आणि प्रोसेसरची कॉइल यांच्यामधला रेझिस्टन्स मोजला. ही पायरी कुणी गाळत असेल तर बोर्ड त्याच्याकडून उचला आणि निघा. या दोहोंमधला मॉसफेट आरपार शॉर्ट असेल, तर मेन लाईनमध्ये सोडलेला व्होल्टेज थेट प्रोसेसरमध्ये जातो आणि सुधारता येण्यासारखा बोर्ड खरोखरच मरतो. माझा मॉसफेट शाबूत निघाला. मग डीसी पॉवर सप्लायवरून फक्त १ व्होल्ट, करंटला मर्यादा घालून, शॉर्ट लाईनमध्ये सोडला आणि बोर्डवर आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरलं. सगळा बोर्ड ओला राहिला, शॉर्ट झालेला भाग तापतो, त्या एका ठिकाणी मात्र डोळ्यांदेखत कोरडा डाग पडला. तांदळाच्या दाण्याहून लहान सिरॅमिक कपॅसिटर. हॉट एअरने तो काढला आणि शॉर्ट गेला.

त्यांच्या मते तो न बसवताही मशीन चाललं असतं, कारण त्या लाईनवर तसे बरेच कपॅसिटर समांतर असतात. मी हट्टाने बसवून घेतला. प्रोसेसरवरचा भार अचानक वाढतो तेव्हा लाईन सावरून धरायचं काम हेच करतात; एक कमी झाला की उरलेल्यांवर ताण. लाईन २० व्होल्टची, म्हणून कपॅसिटर २५ व्होल्टचा. एवढ्या एका भागासाठी मला अख्खा बोर्ड विकायला निघाले होते.

सुरुवातीला मी भेटेल त्याला सांगायचो की कंपनीने हलका माल वापरला. आता मत बदललंय. मध्यंतरी धूळ काढायला मागचं झाकण उघडलं, तेव्हा तो कपॅसिटर कुठे बसलाय ते शांतपणे पाहिलं. स्क्रूच्या भोकाला जवळजवळ चिकटून! सिरॅमिक कपॅसिटर आतून बेरियम टायटनेटसारख्या ठिसूळ पदार्थाच्या पातळ थरांचा असतो. बोर्ड वाकला की त्याला तडा जातो, आणि तड्यामुळे त्यांच्यामधले धातूचे थर एकमेकांना भिडले की तोच शॉर्ट. बोर्ड सगळ्यात जास्त वाकतो तो स्क्रूपाशी आणि कडेला. म्हणून तिथे असा भाग ठेवू नये, ठेवलाच तर त्याची लांबी कडेला समांतर असावी, हा डिझाइनचा जुना नियम आहे. माझ्या बोर्डवर तो कडेला काटकोनात उभा आहे. माल उत्तम असता तरी त्या जागी तो तडकलाच असता. या लॅपटॉपचा स्क्रीन, कीबोर्ड, बॅटरी सगळं मला आवडतं, पण ही एक गोष्ट मी माफ करू शकत नाही. जागा बदलता येत नाही, म्हणून टेक्निशियननी टोकांना लवचीक थर असलेला कपॅसिटर लावलाय, वाकणं थोडं सहन करणारा.

वापराचं म्हणाल तर पहिल्यांदा चालू केल्यावर फक्त तारीख चुकलेली होती. डेटा जसाच्या तसा. बोर्ड तोच, त्यावरची टीपीएम (कुलपाच्या किल्ल्या जपणारी) चिप तीच, त्यामुळे बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डेटा कुलूपबंद करणाऱ्या सोयीने, रिकव्हरी कीसुद्धा मागितली नाही. बॅटरी आधीइतकीच टिकते, तापमानात फरक नाही.

मध्ये एकदा मात्र पुन्हा तसाच मेला आणि दुरुस्तीवरचा माझा विश्वास डळमळला. मीटर लावला: २० व्होल्ट स्थिर, करंट नावापुरता. शॉर्ट असता तर आकडा असा टिकला नसता. चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, सोडलं, चालू झाला. ईसी, म्हणजे बटण आणि चार्जिंग सांभाळणारी चिप, अडकून बसली होती. मीटर नसता तर मी टेक्निशियनच्या नावाने बोटं मोडत बसलो असतो. तेव्हापासून पुन्हा तक्रार नाही.

'बोर्ड गेलाय' असं कुणी सांगितलं तर मेन लाईनचा रेझिस्टन्स आणि मिळालेले व्होल्टेज कागदावर लिहून मागा. सांगता आले नाहीत तर मोजलेलेच नाहीत. बोर्ड ओव्हनमध्ये किंवा हॉट एअरने सरसकट गरम करून 'बघू चालतो का' म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका. तडकलेला कपॅसिटर त्याने जुळत नाही, उलट चांगल्या चिपचे जोड सैल होतात. पाणी सांडलं असेल तर मशीन तांदळात पुरून दिवस घालवू नका, लगेच बंद करा आणि गंज धरायच्या आत बोर्ड साफ करून घ्या. आणि दुरुस्तीनंतर काढलेला भाग मागून घ्या. माझा कपॅसिटर मी भिंगाखाली पाहिलाय, तडा तिरका, सोल्डरच्या टोकापासून आत गेलेला, वाकल्यावर जातो अगदी तसाच.