३८५ रुपयांचा मनगटाचा पट्टा आणि त्याचा तो वेल्क्रो: सात महिन्यांनंतर

गेल्या मंगळवारी रात्री दुखऱ्या मनगटाचा पट्टा आवळला, तर हात उशीवर ठेवेपर्यंत तो आपोआप सुटला. पुन्हा आवळला, पुन्हा सुटला. सात महिन्यांत वेल्क्रोनं राम म्हटला, म्हणून हे लिहायला बसले.

मनगटाचा स्प्लिंट, म्हणजे मनगट हलू नये म्हणून घालायचा हा पट्टा, कसा असतो ते फार सांगत बसत नाही. काळं कापड, वेल्क्रोचे तीन बंद, तळव्याच्या बाजूला आत धातूची पट्टी. छापील किंमत ४२५, मी घासाघीस करून ३८५ला घेतला.

माझं काम डीटीपीचं. दिवाळी अंकांच्या दिवसांत रोज दहा तास कीबोर्डवर. इनस्क्रिप्टवर (मराठी कीबोर्डच्या मांडणीवर) टाइप करणाऱ्यांना ठाऊक आहे, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताच्या वाट्याला, आणि माउसही त्याच हातात. वर संध्याकाळी भाकऱ्या. गणपती उठले आणि माझा हात बसला. रात्री दोन-अडीचला मुंग्यांनी जाग यायची, हात झटकला की जरा बरं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर. करंगळी मात्र ठणठणीत.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न नेमका करंगळीचाच विचारला. मनगटातल्या बोगद्यातून नऊ कंडरा (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या) आणि एक नस जाते, आणि त्या नसेची हद्द अंगठ्यापासून अर्ध्या अनामिकेपर्यंतच. करंगळीची नस वेगळ्या वाटेनं जाते. मग दोन्ही पंजे पाठीला पाठ लावून, मनगटं दुमडून मिनिटभर धरायला लावली. अर्ध्या मिनिटातच मुंग्या सुरू. थायरॉईड आणि साखर तपासून घेतली, दोन्ही ठीक निघाल्या. नसेची विजेची तपासणीही झाली (बारीक बारीक झटके देतात, मजा नाही त्यात). निदान कार्पल टनेल, म्हणजे त्या बोगद्यात नस दाबली जाणं, सुरुवातीचं. इंजेक्शन आणि ऑपरेशन नंतर बघू, आधी रात्री पट्टा.

आता वेल्क्रो. या वेल्क्रोबद्दल मी एकटीनं पुस्तक लिहू शकते. रात्री अकराला तो उघडला की ‘टर्रर्र’ असा आवाज होतो, आणि आमच्या ह्यांची झोप तेवढ्यानं मोडते. शेजारच्या मिक्सरनं नाही मोडत. गोधडीचा प्रत्येक दोरा त्यात अडकतो. एकदा सुती साडीचा पदर अडकला आणि सोडवताना दोन ठिकाणी सुत ओढलं गेलं. आजेसासूबाईंची साडी होती, त्याचे पैसे कोण देणार? आणि असे धागे, केस, लोकर जमून जमूनच त्याची पकड गेली. मी सुईनं तासतास बसून ते कोरून काढलंय. दुखऱ्या हातानं!

दुकानात गेले. “ताई, मेडिकलच्या वस्तूला वॉरंटी नसते.” मी म्हटलं, औषध परत घेऊ नका, पण हा पट्टा आहे. “वापरलेला आहे ना.” वापरायलाच घेतला होता! पाच मिनिटं हुज्जत घातली, शेवटी त्यांनी ६५० रुपयांचा ‘वरच्या क्वालिटीचा’ काढून दाखवला. नको म्हणून आले.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, एक तारा देणार होते. पण मध्ये फिजिओथेरपीवालीकडे जाणं झालं आणि मत बदलावं लागतंय.

तिनं माझा पट्टा हातात घेतला, वेल्क्रोकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि आतली धातूची पट्टी सर्रकन बाहेर ओढली. ती निघते हेच मला सात महिने माहीत नव्हतं. पट्टी चमच्यासारखी वळलेली होती. म्हणजे मनगट रात्रभर वीसेक अंश मागे कललेलं. बोगद्यातला दाब मनगट सरळ असताना सगळ्यात कमी असतो. पुढे दुमडलं काय, मागे कललं काय, दोन्हीकडे वाढतो. तिनं टेबलाच्या कडेवर दाबून पट्टी जवळजवळ सपाट केली आणि परत आत सरकवली. दहा सेकंदांचं काम.

शिवाय विचारलं, टाइप करतानाही घालता का? घालत होते. कामाच्या वेळी मनगट जखडलं की सगळा भार कोपर-खांद्यावर जातो म्हणे. डिसेंबरपासून खांदा का धरतोय याचा उलगडा झाला. दिवसा बंद.

त्याला आता तीन आठवडे झाले. आठवड्यातून चार रात्री उठत होते, आता एखादी. एप्रिलच्या उकाड्यात आत घाम येतो, खाज सुटते. आतून जुन्या बनियनचा तुकडा लावला. उभा (हस्तांदोलनासारखा धरायचा) माउसही घेतला, ठीक आहे, अंगठ्याशी जरा दुखतं. अंगठ्याच्या बुडाचा फुगीर स्नायू सपाट व्हायला लागला किंवा हातातून वस्तू पडायला लागल्या, तर पट्ट्याच्या भरवशावर थांबू नका, असं तिनं बजावलंय. मी रोज दोन्ही तळवे शेजारी धरून बघते.

आणि वेल्क्रोचं काय? रविवार पेठेतून मीटरवर आणला, आमच्या टेलरनं चाळीस रुपयांत जुना उसवून नवा शिवला. पकड अशी की सकाळी सोडवायला डावा हात आणि दात लागतात. आवाज पहिल्यापेक्षा मोठा आहे. हे आता हॉलमध्ये झोपतात.

पट्ट्याला साडेतीन तारे. अर्धा कापला तो साडीचा.