पोरांसाठी कामाचा एक आठवडा: इथलं एनएसएस शिबिर की वेल्समधली जुनी रेल्वे?

ज्यांचं कुणीतरी इंग्लंडात आहे अन् लेकरू अकरावी-बारावीला आहे अशा दोन-तीन जणांनी मला हेच विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. माझ्या लेकीनं दोन्ही केलंय. अकरावीत कॉलेजचं सात दिवसांचं एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) शिबिर, औसा तालुक्यातल्या एका गावात, अन् बारावीची परीक्षा झाल्यावर आत्याकडं बर्मिंगहॅमला गेली तेव्हा वेल्समधल्या एका छोट्या जुन्या रेल्वेवर आठवडाभर राहून काम.

शिबिराचं चांगलं आधी सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. झेडपीच्या शाळेत सतरंजीवर झोपायचं, पहाटे प्रभातफेरी, मग टिकाव-फावडं घेऊन समतल चर, म्हणजे पाणी जिरवायला उताराला आडवे चर, खोदायला. लातूरच्या लेकरांना पाण्याचं काम समजावून सांगावं लागत नाही, 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते यांनी लहानपणी डोळ्यांनी बघितलंय. गावातल्या बायकांनी घरोघरी भाकरी केल्या, त्यातल्या एका आजीला लेक अजून फोन करते. जेवण, माणसं, भाषा यात वेल्स जवळपास पण येत नाही, खर्च तर विचारूच नका.

पण एक गोष्ट खटकली ती खटकलीच. चौथ्या दिवशी पाहुणे येणार होते, दहा वाजता. पोरांना साडेनऊलाच चरावरनं बोलावलं, हातपाय धुवून मांडवात बसवलं, पाहुणे आले पावणेदोनला, मग शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मनोगतं, आभार, फोटो, चार वाजून गेले. उद्घाटनाचा दिवस असाच, समारोपाचाही असाच. हातात टिकाव नेमका किती वेळ होता ते कुणी मोजलं नाही, पण लेक म्हणते तीन सकाळी धरा. चर अर्धाच राहिला. पावसाळ्यात मी मुद्दाम गाडी काढून बघून आलो तर माती परत आत ढासळली होती. तिला सांगितलं तर काहीच बोलली नाही, ताट तसंच ठेवून उठली. सगळीच शिबिरं अशी नसतील, एनएसएस सांभाळणारे चांगले प्राध्यापक (प्रोग्राम ऑफिसर) मी पाहिलेत, पण माझं मन तिथंच फिरलं.

आता रेल्वे. टॅलिलिन ही वेल्समधली रेल्वे 1860 च्या दशकात स्लेटच्या खाणीसाठी बांधलेली, 1951 पासून स्वयंसेवकांनी चालवायला घेतली, अशी वाचवलेली जगातली पहिली. नंतर तिकडं अशा लई झाल्या. वेल्शपूल गावची तर बरोबर आपल्या बार्शी लाईटच्या, म्हणजे इकडच्या जुन्या छोट्या रेल्वेच्या मापाची, दोन रुळांत अडीच फूट. आपली 1911 ला लातूरला आली अन् लातूरकडची लाईन 2008 पर्यंत ब्रॉडगेजखाली गेली, तिकडच्या लोकांनी त्यांची राखली, हे मला लागतं. आमचे अण्णा बार्शी लाईटवरच गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारे, होते.

लेकीला मिळालं ते अण्णांचंच काम. कुजलेल्या स्लीपरच्या, म्हणजे रुळाखालच्या आडव्या लाकडाच्या, आजूबाजूची खडी उकरायची, रुळाचे स्क्रू सोडवायचे, जुना स्लीपर ओढून काढायचा, नवा सरकवायचा, परत खडी भरून कुटायची. आठ पोरं, दोन म्हातारे शिकवणारे, स्वयंपाक पाळीनं, पाऊस रोज. पाच दिवसांत सव्वीस स्लीपर. शनिवारी त्यांच्यावरनं प्रवाशांची गाडी गेली तेव्हा ती आत बसली होती. अण्णांनी फोनवर पहिलं विचारलं, "खडी नीट कुटली का गं? खाली पोकळ राहिलं तर गाडी गेली की स्लीपर नाचतो." मग अर्धा तास दोघं बोलायलेत, मी बाजूला उभा. माझ्याशी अण्णा रेल्वेबद्दल एवढं कधी बोलले नव्हते.

अडचणी आहेत. व्हिजिटर व्हिसावर तिकडच्या नोंदणीकृत चॅरिटीसाठी जास्तीत जास्त 30 दिवस असं काम चालतं, पण जाण्याचं मुख्य कारण ते नको, सुट्टी नाहीतर नातेवाइकांची भेट असायला पाहिजे. त्यामुळं ती रेल्वे चॅरिटी आहे का ते आधी बघा, वयाची अटही विचारा, ती प्रत्येकाची वेगळी असते. इंजिनावर चढायला मिळेल या आशेनं पोराला पाठवू नका, फावडंच मिळतं. अन् तिकडं हक्काचं घर नसेल, तिकिटासाठी कर्ज काढावं लागत असेल तर इथलंच शिबिर करा, फक्त आधी गावात जाऊन विचारा की मागच्या वर्षीचं काम कुठंय, दाखवा.

धाकट्याचं यंदा बारावी आहे. त्याचं एनएसएस झालंय, परीक्षेनंतर त्याला आत्याकडं पाठवायचं नक्की केलंय. शेंगदाण्याची चटणी जास्त बांधून द्यायची, मागच्या वेळी ती दोन दिवसांत त्या आठ जणांनी संपवली. अन् बोटांवर लोखंडी टोपी असलेले सेफ्टी बूट इथूनच घ्या, महिनाभर आधी, पायात घालून फिरून मऊ करून न्या, लेकीच्या टाचा पहिल्याच दिवशी सोलल्या होत्या.