"मामा, एकदा घेऊन बघू का?" : गांजाची मजा आणि धोका

भाचा शिकायला कॅनडात आला आणि दुसऱ्याच महिन्यात त्याने फोनवर हे विचारलं. वय 21. तो राहतो त्या ओंटारिओ प्रांतात 19 पूर्ण झालेल्याला गांजा दुकानातून रीतसर मिळतो. 17 ऑक्टोबर 2018 पासून तो देशभर कायदेशीर आहे. त्यामुळे प्रश्न तब्येतीचाच होता, आणि पोराला खरं उत्तर द्यायला हवं होतं.

मजा असते, ते नाकारण्यात अर्थ नाही. गाणं अंगात भिनतं, साधा वरणभातही चविष्ट लागतो, ताण उतरतो. आपल्या शरीरातच आनंदामाइड नावाचं द्रव्य तयार होतं (नावातला 'आनंद' संस्कृतातलाच), आणि गांजातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, मेंदूत त्याच्याच जागा पकडतं. फक्त ते जास्त जोरात काम करतं. मग छाती धडधडते, वेळेचं भान सुटतं, आणि काहींना आनंदाऐवजी नुसती भीती वाटते.

ओढावा की खावा? ओढला तर काही मिनिटांत कळतं आणि थांबता येतं, पण धूर फुप्फुसात जातोच. गमीत (गांजा घातलेल्या चघळायच्या गोळीत) धूर नाही. मात्र चढायला अर्धा ते दोन तास, पूर्ण भरात यायला चार तासही लागतात. माझ्या एका मित्राने 10 मिलिग्रॅम टीएचसीची एक गमी खाल्ली, पाऊण तासाने "काहीच होत नाहीये" म्हणत दुसरं पाकीट फोडलं. रात्री अकराला तो बाथरूमच्या फरशीवर घामाघूम बसला होता. "मी मरतोय का रे?" हे दर दोन मिनिटांनी. पहाटेपर्यंत त्याचा हात मी सोडला नाही. नवख्याला अडीच मिलिग्रॅम पुरे असतात.

त्याहून मोठा फरक कधीतरी आणि रोज यांत आहे. "गावचे बुवा जन्मभर चिलीम ओढायचे" हे इथे लागू होत नाही: 1980च्या दशकात गांजात टीएचसी सरासरी 3 टक्के असायचं, आज दुकानात 20 टक्क्यांच्या वरचा माल सर्रास मिळतो. असा कडक गांजा रोज घेणाऱ्यांत भास-भ्रमाच्या आजाराचं प्रमाण कितीतरी जास्त दिसतं. शिवाय मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते.

तिशीतला, धडधाकट, क्वचित अडीच मिलिग्रॅम घेऊन घरीच बसणारा, गाडीला हात न लावणारा माणूस असेल, तर मी त्याला अडवणार नाही. भाच्याला मात्र मी नाही म्हणालो. कारण वयाचं होतंच, पण त्याहून मोठं घरातलं होतं. भास-भ्रमाचा आजार रक्ताच्या नात्यात असेल तर धोका आणखी वाढतो, आणि आपल्याकडे तो नावाने सांगत नाहीत. "बाहेरचं झालं होतं", "डोक्यात गेलं होतं" एवढंच कानावर येतं.

माझ्या सख्ख्या काकांना स्किझोफ्रेनिया, म्हणजे असाच भास-भ्रमाचा आजार, होता. भाच्याच्या आईने, माझ्या ताईने, ते त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्या फोनवर मी सांगितलं.